कोरडी ओळ

माझ्या वडिलांनी तेवीस झुडपांना सात वर्षं एक थेंबही पाणी दिलं नाही. हे मी अभिमानानं सांगते आणि आमच्या वडगावातल्या बायका माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघतात. वडगाव निंबाळकर हे माझं सासर. इथं कॅनॉलचं पाणी, उसाचे फड आणि दारात दोन-दोन जर्सी गाई. इथं झाडाला पाणी दिलं नाही याचा अर्थ एकच, मोटर जळाली असणार. आणि सात वर्षं काही कुणाची मोटर जळलेली राहत नाही. म्हणजे माणूसच आळशी, असा त्यांचा हिशेब.

तात्या म्हणजे माझे वडील, सावळाराम. ते आणि आई, ठमाबाई, अजून माहेरच्या शेतातच राहतात. इंदापूर तालुक्यातला माळ तो. खाली मुरूम, वर वीतभर माती, आणि पाऊस आला तर आला. आळशी माणूस त्या माळावर दोन वर्षंसुद्धा टिकायचा नाही.

त्या झुडपाचं नाव ग्वायुली. मूळचं मेक्सिकोकडच्या वाळवंटातलं. गावात कुणाच्या जिभेवर ते नाव बसलं नाही, सगळे रबराचं झाड म्हणतात. शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्याच कुळातलं, पण त्यांच्यासारखं नटण्याची हौस याला नाही. गुडघ्याएवढी उंची, राखाडी अरुंद पानं आणि लांब देठांवर बारीक पांढरी फुलं, अगदी गाजरगवतासारखी. ते नातंही खरंच आहे, दोघं चुलतभावंडंच. त्यामुळं तात्यांनी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न म्हणजे, "तात्या, गाजरगवत पोसताय व्हय?" पहिली दोन वर्षं ते समजावून सांगायचे. मग नुसतं "व्हय" म्हणायला लागले.

या झुडपाच्या सालीत रबर असतं. फांदी मोडली तर रुईसारखा चीक गळत नाही, साल चावत बसावी लागते. चावून चोथा थुंकला की दातांत एवढीशी लवचीक गोळी उरते. तात्या पाहुण्यांना फांदी चावायला द्यायचे आणि पाहुणे कडू तोंड करून थुंकायचे. पण खरी गोष्ट पुढंच आहे. या झाडाला पाणी भरपूर दिलं की ते नुसतं वाढतं. तहान लागली, थंडी पडली की वाढ थांबते आणि मग ते सालीत रबर साठवायला लागतं. तहानेवर पोसलं जाणारं झाड आहे ते.

हे सगळं तात्यांना आसावरी मॅडमनी शिकवलं. तेरा-चौदा वर्षांपूर्वी त्या एका संशोधन संस्थेची जीप घेऊन आमच्या माळावर आल्या. पंधरा गुंठे त्यांनी प्रयोगासाठी भाड्यानं घेतले आणि तात्यांना कामावर ठेवलं. पहिल्या खेपेला बी उगवलंच नाही. मॅडमनी मातीखाली पेरलं, वरून झारीनं पाणी घातलं, तीन आठवडे वाट पाहिली. तात्या चौथी शिकलेले. घाबरत घाबरत म्हणाले, "मॅडम, बी लई बारीक हाय. झाकूच नगा. वरच ऱ्हाऊ द्या आन् पानी खालनं चढू द्या. वरनं मारलं की धुऊन जातंय." तसं केलं, तर वाफा हिरवा झाला. मॅडमनी वही काढली आणि तिथंच लिहिलं, बी उघडं ठेवून खालून ओल देणे, सूचना सावळाराम यांची.

मी दिवाळीला माहेरी गेले तेव्हा तात्यांनी मॅडमकडून ती वही मागून घेतली आणि माझ्यासमोर धरली. "रुपे, ह्ये वाच." मी वाचलं. म्हणाले, "आनि येकदा वाच."

आता खरं सांगते, मला राग आला. मी केमिस्ट्री घेऊन फर्स्ट क्लासमध्ये बी.एस्सी. झाले होते. आमच्या भावकीतली पहिली मुलगी. ती मार्कशीट तात्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिली होती आणि म्हणाले होते, "ठीव नीट." बस, एवढंच. आणि ही पुण्याकडची बाई येते काय, यांना 'तुम्ही' म्हणते काय, वहीत नाव लिहिते काय, तर आमचे तात्या दिवसभर तिच्या मागं मागं. जेवताना मॅडमच्या गोष्टी, झोपताना मॅडमच्या गोष्टी. आई म्हणायची, "त्या बाईनं ह्यास्नी भारून टाकलंय." आई हसत म्हणायची. मला हसू यायचं नाही.

पाच वर्षांनी प्रयोग संपला. झुडपं उपटून, वजनं करून ट्रकमध्ये भरली. बांधाकडेची एक ओळ तेवढी राहिली, सव्वीस झुडपांची. पाण्यावर किती, अर्ध्या पाण्यावर किती, असे वेगवेगळे तुकडे होते, त्यातली ही बिनपाण्याची ओळ. मॅडम जीपमध्ये बसताना म्हणाल्या, "तात्या, ही राहू द्या. हाताचं पाणी अजिबात देऊ नका, फक्त पावसाचं. बघू किती वर्षं तगते. दोन-तीन वर्षांत मी येऊन बघते."

एवढंच बोलणं झालं. पण त्यावर तात्यांनी सात वर्षं काढली.

दरवर्षी रोहिणी नक्षत्र लागलं, म्हणजे एक उन्हाळा पार पडला, की ते ओळीच्या तोंडाशी एक पांढरी गारगोटी मांडायचे. टँकरच्या साली तीन झुडपं वाळून गेली. तेव्हा आई भांडी विसळलेलं पाणी लिंबाला घालायची, तर हे मागं उभे. पाणी चुकून ओळीकडे वाहायला नको. "माज्या खरकट्या पान्यावर पाळत ठेवतुय ह्यो मानूस," आई सगळ्यांना सांगायची. रस्त्यानं पांढरी जीप गेली की तात्या हातातलं काम टाकून उभे राहायचे. मॅडमचा जुना नंबर लागेनासा झाला, तरी तो त्यांनी मोबाईलमधून काढला नाही. त्यांना रबराचं काही पडलं नव्हतं. त्यांना फक्त त्या बाईनं येऊन, ओळ बघून, वहीत लिहायला हवं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला एवढी एकच गोष्ट हवी होती.

मागच्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीत तात्या बांधावरून घसरले आणि गुडघा गेला. खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाले, "रुपे, तुज्या त्या कंप्युटरवर मॅडम गावत्यात का बघ की."

तात्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला त्याआधी आठवत नाही.

मी बारामती एमआयडीसीत एका दूध प्रकल्पाच्या लॅबमध्ये काम करते. रोज सकाळी वडगावातून स्कूटीनं जायचं, आलेल्या दुधाचे नमुने घ्यायचे, फॅट बघायचं आणि मुख्य म्हणजे दुधात पाणी किती घातलंय ते पकडायचं. संकलन केंद्रवाले मला टरकून असतात. जेवणाच्या सुट्टीत मी मॅडमचं नाव शोधलं. दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेच्या यादीत सापडलं, फोटोसकट. मी ईमेल लिहिला, सावळारामांची मुलगी स्वरूपा, तुमची ओळ अजून जिवंत आहे, तात्या वाट बघतायत.

वीस दिवसांनी उत्तर आलं. दोन ओळींचं. "नमस्कार. कोणती ओळ? कृपया संदर्भ द्याल का?"

कंपनीच्या स्कूटी स्टँडवर उभी राहून मी ते वाचलं. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. एक झुडूप विसरलं तर माणूस समजू शकतो. पण तात्यांनी सात उन्हाळे जे वाक्य उराशी धरलं, ते बोलणाऱ्याला आठवतसुद्धा नव्हतं. मला रडूही येत होतं आणि त्या बाईला चार शब्द सुनवावेसेही वाटत होते. शेवटी मी ओळीचा फोटो पाठवला. गारगोट्यांचाही पाठवला.

दुसऱ्याच दिवशी लांबलचक उत्तर आलं. फार लाज वाटते, तात्यांना कशी विसरले कळत नाही. मुलाची मुंज झाली आहे, फेब्रुवारीत सासू-सासऱ्यांना घेऊन नीरा-नरसिंहपूरला कुलदैवताच्या दर्शनाला येतोय, तेव्हा वाटेत नक्की येते. वाटेत! म्हणजे देवाला जाता जाता तात्या. चालेल, म्हटलं. तात्यांना फक्त एवढंच सांगितलं, "मॅडम येनार हायत. शनिवारी." पहिलं उत्तर मी कुणालाच दाखवलं नाही.

मी दोन दिवस आधी रजा काढून माहेरी गेले. गुरुवारी सकाळी तात्या आणि आई इंदापूरला गेले. तात्यांना केस कापायचे होते आणि धोतराला इस्त्री करून आणायची होती, आईला मॅडमच्या ओटीसाठी खण घ्यायचा होता. घरात मी एकटी. पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय करतात, तेच मी केलं. घर झाडलं, अंगण सारवलं, दारात सडा टाकला. शनिवारी पुन्हा टाकावा लागणार होता, तरी टाकला. हात शिवशिवत होते.

मग ओळीकडे गेले. पाऊस संपून चार महिने झाले होते. पानं आक्रसून दोऱ्यासारखी झाली होती, बुंध्याशी वाळकी पानं साचली होती. ज्यांना माहीत नाही त्यांना ती मेलीच वाटली असती. मला माहीत होतं, मेलेली नाहीत, दम धरून आहेत. पण मी बघत राहिले आणि मला त्यांच्या जागी तात्या दिसायला लागले. तसेच राखाडी, तसेच वाळलेले, एका बाईच्या एका वाक्यावर तसेच उभे. आणि त्या बाईला विचारावं लागलं होतं, कोणती ओळ म्हणून.

मला नियम माहीत नव्हता असं मी म्हणणार नाही. चांगला माहीत होता. पण मनात आलं, आता काय राहिलंय? परवा ती येणार, बघणार, संपलं. परीक्षा झालीच की. निदान तिच्यापुढं ही झाडं भिकाऱ्यासारखी उभी राहू नयेत. आणि खरं कारण सांगू? मला ती तहान बघवेना. दोन वर्षांपूर्वी शेततळं झालंय, त्यावर दोनशे डाळिंबं आहेत, पाइप तिथंच पडला होता. मी मोटर चालू केली आणि एकेका झुडपाच्या बुंध्याशी पाइप धरला. माती बुडबुड करत पाणी पीत होती. तेवीस झुडपं, तास गेला. शेवटी शेवटी मी रडत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

दुपारी दोघं आले. तात्यांचे केस बारीक कापलेले, मानेवर पावडर. पिशवी खाली ठेवून ते सवयीनं ओळीकडे गेले. मी चहा टाकला होता. मला वाटलं, येऊन ओरडतील. कुणीतरी ओरडलं असतं तर फार बरं झालं असतं.

ते आलेच नाहीत. मी बाहेर जाऊन पाहिलं तर तात्या ओल्या मातीवर तळवा टेकून बसले होते. इस्त्रीचं धोतर तसंच कागदात गुंडाळलेलं, काखेत. आई माझ्या मागं येऊन उभी राहिली. तिनं माती पाहिली, मला पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "काय केलंस ग ह्ये," एवढंच हळू म्हणाली.

"तात्या," मी म्हणाले, "म्या..."

"ऱ्हाऊ दे."

मग ते काठी टेकत उठले. ओळीच्या तोंडाशी गेले, वाकले आणि सात गारगोट्या एकेक करून उचलल्या. एकेक करून बांधापलीकडे टाकल्या. जोरानं नाही, आपण खडे वेचून टाकतो तशा. गुडघ्यानं वाकता येत नव्हतं, तरी मला हात लावू दिला नाही. सातवी टाकली आणि म्हणाले, "चा ठिवलाय का?"

मी म्हणाले, "मॅडमला मी सांगते तात्या. माझी चूक हाय, मीच सांगते."

"तू काय सांगू नगंस," तात्या म्हणाले. आणि चहाला आत गेले.

शनिवारी साडेअकराला गाडी आली. पांढरी. मॅडमचे केसही पांढरे झाले होते. अंगावर देवदर्शनाची काठापदराची साडी. सासू-सासरे, नवरा आणि मुलगा गाडीतच बसले, सासूबाईंचे गुडघे दुखत होते. मी त्यांना पाणी नेऊन दिलं. मॅडम मात्र दारात क्षणभरही थांबल्या नाहीत, तात्यांना वाकून नमस्कार केला आणि तशाच ओळीकडे गेल्या. साडीसकट मुरमात बसल्या. एका झुडपाची फांदी बोटांत धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

"तात्या, तेवीस?"

"सव्वीस हुती. तीन टँकरच्या साली गेली."

"आणि बाकीची सगळी..." त्या एकेका झुडपावरून नजर फिरवत राहिल्या. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मनात कितीतरी टोमणे तयार करून ठेवले होते मी. त्या बाईचा चेहरा बघून एकही आठवेना.

मग त्यांची नजर बुंध्याशी गेली. दोन दिवस झाले होते, पण मातीचा रंग अजून काळपट होता. पानंही थोडी उलगडली होती. त्यांनी बोटानं माती उकरली. "ओल आहे ही, तात्या."

"परवा पानी दिलं," तात्या म्हणाले. "म्या दिलं."

मी ट्रे घेऊन पुढं झाले. "मॅडम, ते पाणी..."

"रुपे, चा निवतुया," तात्या म्हणाले. माझ्याकडे न बघता. लहानपणी विहिरीच्या काठाशी गेले की ज्या आवाजात थांबवायचे, तोच आवाज. मी थांबले. आजही विचार करते, का थांबले.

मॅडम हसल्या. मनात काही नव्हतं त्यांच्या. "अहो तात्या, सात वर्षं दम धरलात आणि शेवटचे दोन दिवस राहवलं नाही?"

तात्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नुकतेच केस कापल्यामुळं त्या अगदी स्पष्ट दिसत होत्या. "म्हातारपन, मॅडम," ते म्हणाले. "जीव कासावीस झाला."

"त्याच्या आधी?"

"न्हाय. येक थेंब न्हाय."

"मग ते वाया नाही गेलं. सात वर्षं ती सात वर्षंच. फक्त इथून पुढची मोजणी वेगळी धरायची." त्यांनी कात्री मागितली, एक फांदी कापली, साल खरवडून तोंडात टाकली आणि चावत राहिल्या. काठापदराच्या साडीतल्या बाईला साल चावताना बघून गाडीतले सासरे काच खाली करून बघायला लागले. मॅडमनी चोथा थुंकला, बोटावर गोळी घेतली, ताणली. "छान भरलंय," म्हणाल्या. मग फांद्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि मोबाईल काढून फोटो घेतले.

तात्या त्यांच्या पर्सकडे बघत होते. मला कळलं ते कशाची वाट बघतायत.

"वही?" शेवटी त्यांनी विचारलंच.

"वही आता नसते तात्या. सगळं यातच." मॅडमनी मोबाईल दाखवला.

तात्यांनी मान हलवली. समजल्यासारखी. तेवढी एक गोष्ट माझ्याच्यानं सहन झाली नाही. मी ट्रे जमिनीवर ठेवला, घरात पळत गेले आणि माझ्या पर्समधली डायरी आणली. कंपनी नवीन वर्षाला देते ती, खिशात मावणारी. "यात लिहा," मी म्हणाले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या हुशार बाई आहेत, त्यांनी काही विचारलं नाही. गुडघ्यावर डायरी ठेवून त्या सावकाश, मोठ्या अक्षरात लिहायला लागल्या. तात्या पुढं वाकून पेनाकडे बघत होते.

लिहून झाल्यावर तात्या म्हणाले, "रुपे, वाच."

मी वाचलं. "ग्वायुली, बिनपाण्याची ओळ. सव्वीसपैकी तेवीस जिवंत. सात वर्षं फक्त पावसावर, राखणारे सावळाराम. दोन दिवसांपूर्वी एकदा हाताचं पाणी. देणारे..." तिथं मी तात्यांकडे पाहिलं. "देणारे सावळाराम."

या खेपेला ते "आनि येकदा वाच" म्हणाले नाहीत.

आईनं ओटी भरली. गाडीत बसताना मॅडमनी मला जवळ ओढलं आणि कानाशी विचारलं, "माझं ते पहिलं उत्तर, तात्यांना..."

"नाही दाखवलं."

त्यांनी माझा हात दाबला. "सालीचा रिपोर्ट कळवते," तात्यांना म्हणाल्या, "आणि पुन्हा येते." गाडी नरसिंहपूरच्या दिशेनं गेली. धूळ खाली बसेपर्यंत तात्या रस्त्यावर उभे होते.

मी डायरी त्यांच्यापुढं धरली. "ऱ्हाऊ दे तुज्यापाशी," ते म्हणाले. "फुडलं तू लिव. आवंदाची रोहिणी न्हाय धरायची. फुडल्या सालापासनं पयला दगूड."

"तात्या, खोटं का सांगितलंत? तुमी कवा खोटं बोलत न्हाय."

ते खाटेवर टेकले. गुडघा दोन्ही हातांनी दाबत म्हणाले, "तू दीसभर दुधातलं पानी धरतीस. सगळा तालुका तुला वचकून हाय म्हनं. तुज्या नावावर पानी कसं लिवायचं ग?"

 मला वाटत होतं, मी काय काम करते हेही त्यांना धड माहीत नसेल. मार्कशीट दोन्ही बाजूंनी बघणारा माझा बाप, ठीव नीट एवढंच म्हणणारा. त्या दिवशी मी आतल्या खोलीत जाऊन धान्याच्या कणगीला टेकून रडले आणि आईनं बाहेरून दार ओढून घेतलं.

त्याला आता सव्वा वर्ष झालं. रिपोर्टसाठी मी दोन ईमेल पाठवले. एकाचं उत्तर आलं, नमुने लॅबमध्ये दिलेत, कळवते. मी आता त्यांच्यावर रागावत नाही. मला फक्त त्यांनी कळवायला हवं आहे, लवकर.

परवा रोहिणी लागली. मी सुट्टी घेऊन गेले. ओळ पुन्हा राखाडी झाली होती, पानं दोऱ्यासारखी. बावीस उरलीत. माझ्या पर्समध्ये पाण्याची भरलेली बाटली होती. मी ती तिथंच उभी राहून सगळी प्याले आणि झाकण घट्ट लावलं. तात्यांना आता एवढं चालवत नाही, त्यांना खुर्चीवर बांधाशी आणून बसवलं. बांधापलीकडे शोधून मी एक गारगोटी आणली. जुन्या सातांतलीच असावी.

मांडण्याआधी डायरी काढली आणि तात्यांपुढं उघडून धरली. मॅडमच्या अक्षरातलं 'सावळाराम' मी शेवटच्या ओळीत खोडलं होतं आणि वर 'स्वरूपा' लिहिलं होतं. राखणारे सावळाराम, देणारी स्वरूपा. तात्यांनी चष्मा लावला. अक्षराखाली बोट धरून सावकाश वाचलं. मग पहिल्यापासून आणखी एकदा वाचलं.

"म्हंजी यवढे दीस ह्यात खोटंच लिवल्यालं हुतं," ते म्हणाले.

"व्हय."

"बरं केलंस." त्यांनी डायरी मिटून माझ्या हातात दिली. "मांड आता."

मी ओळीच्या तोंडाशी गारगोटी मांडली. एकच. तात्या तिच्याकडे बघत बसले, मग रस्त्याकडे बघायला लागले.

"रुपे, मॅडम येत्याल का ग?"

"येतील की तात्या," मी म्हणाले, आणि मीही रस्त्याकडे बघत राहिले.